दुष्काळातला पोहण्याचा तलाव

धरणांचा साठा उतरू लागला आणि पाणीकपातीचा आदेश निघाला की सगळ्यांची नजर आधी पोहण्याच्या तलावांकडे वळते. ते साहजिक आहे. एका घरात लोक नळाला पाणी कधी येईल म्हणून मध्यरात्री जागे आहेत आणि पलीकडच्या आवारात निळेशार पाणी काठोकाठ भरलेले आहे, हे कोणाच्याच पचनी पडत नाही, पडूही नये. म्हणून तलाव भरण्यावर बंदी येते आणि ती यायलाच हवी, असे माझे मत आहे. पण ही बंदी ज्या तऱ्हेने घातली जाते, तिला माझा आक्षेप आहे. आदेश पुष्कळदा फक्त नळाचे पाणी अडवतात. बोअरवेलला आणि टँकरला हात लावत नाहीत, तलावावर झाकण आहे का हे विचारत नाहीत, गळतीची चौकशी करत नाहीत. मग ज्याच्या हातात पैसा आहे त्याचा तलाव भरलेला राहतो, ज्याच्या हातात नाही त्याचा हिरवा पडतो, आणि पाणी वाचते ते अगदी थोडे.

हे मी लांबून बघून बोलत नाही. मी राहते त्या वसाहतीत सामाईक तलाव आहे, आणि एका टंचाईच्या उन्हाळ्यात मी वसाहतीच्या समितीवर होते. तलाव १५ मीटर लांब, ८ मीटर रुंद. त्या उन्हाळ्यात समितीच्या चार बैठका एकाच प्रश्नावर गेल्या: तलाव चालू ठेवायचा की बंद करायचा. काही जणांचे म्हणणे, मुलांना सुट्ट्या आहेत, देखभालीचे पैसे आम्ही वेळेवर भरतो, मग तलाव बंद का? इतरांचे म्हणणे, शहर तहानलेले असताना आपल्याला पोहणे सुचतेच कसे? दोन्ही बाजूंना ठाम राहणे सोपे जात होते, कारण तलावातून रोज किती पाणी जाते हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते.

शेवटी तलावाची देखभाल करणारे काका एक बादली घेऊन आले. पद्धत जुनी आणि अगदी साधी आहे. बादली तलावाच्याच पाण्याने भरायची आणि पायरीवर अशी ठेवायची की आतले पाणी आणि बाहेरचे पाणी एका पातळीला येईल. आत आणि बाहेर पेन्सिलीने रेघ ओढायची. तलावात नवे पाणी सोडायचे नाही. चोवीस तासांनी येऊन बघायचे. ऊन आणि वारा दोन्हीकडे सारखाच, तेव्हा बादलीतून जेवढे उडाले तेवढेच तलावातूनही उडायला हवे.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाच-सहा जण पायरीशी वाकून बघत होतो. बादलीतले पाणी रेघेच्या ६ मिलिमीटर खाली गेले होते. तलावातले ११ मिलिमीटर. काकांनी पट्टी दोनदा लावून बघितली. मधला ५ मिलिमीटरचा फरक म्हणजे गळती. एक चौरस मीटरवरचे एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, आणि आमच्या तलावाचा पृष्ठभाग १२० चौरस मीटरचा. रोज ६०० लिटर पाणी कुठल्यातरी फुटक्या पाइपमधून जमिनीत जात होते आणि ७२० लिटर हवेत उडत होते, कोणी पोहायला उतरो अथवा न उतरो. ज्या मुलांवरून आम्ही चार बैठका भांडलो, त्यांच्या शिंतोड्यांतून जाणारे पाणी या दोन आकड्यांपुढे फारच थोडे होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने माणसाच्या मूलभूत गरजांना रोज ५० ते १०० लिटर पाणी लागते. म्हणजे आमच्या आवाराखालून रोज निदान सहा माणसांचे, आणि खालचा आकडा धरला तर बारा माणसांचे पाणी निघून जात होते, आणि आम्ही त्याच पाण्याच्या काठावर खुर्च्या टाकून नैतिकतेवर बोलत होतो. ती गोष्ट मला अजून टोचते.

घरगुती तलावाचेही हेच गणित आहे. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल असा तलाव भरायला ४८,००० लिटर लागतात. कोरड्या, वाऱ्याच्या दिवसांत तो उघडा राहिला तर ५ मिलिमीटरच्या हिशेबाने रोज १६० लिटर उडतात. असे ३०० दिवस गेले की एक अख्खा तलाव हवेत विरलेला असतो आणि मालकाने तो नकळत, रोज थोडा थोडा करून, पुन्हा भरलेला असतो. तलाव पहिल्यांदा भरताना होणारा खर्च सगळ्यांना दिसतो. हा दुसरा खर्च कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पाण्याची पातळी आपोआप राखणारा फ्लोट व्हॉल्व्ह बसवला असेल तर मालकालाही कळत नाही, गळती वर्षानुवर्षे झाकून राहते.

आणि हा खर्च थांबवता येतो. पाण्यावर नीट बसणारे झाकण घातले की बाष्पीभवन जवळजवळ थांबते. झाकण असेल तेवढा वेळ नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी वाचते. रात्री ऊन नसते म्हणून झाकण नको असे पुष्कळांना वाटते. ते खरे नाही. दिवसभर तापलेले पाणी रात्रीच्या हवेपेक्षा कोमट असते आणि वारा असला की रात्रभर उडत राहते. सकाळी झाकण गुंडाळताना त्याच्या खालच्या बाजूला थेंबांचा जाड थर लटकलेला दिसतो. तेच पाणी एरवी निघून गेले असते. वाळूच्या फिल्टरचेही तसेच. तो उलट्या प्रवाहाने धुतात, त्याला बॅकवॉश म्हणतात, आणि दर खेपेला शेकडो लिटर पाणी गटारात जाते. दाबाचा काटा बराच वर गेल्याशिवाय फिल्टर धुण्याची गरज नसते, पण कित्येक ठिकाणी ठरल्या वारी धुणे हाच नियम असतो. आमच्याकडेही तो सोमवार होता.

आता आदेशांकडे बघू. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनची गोष्ट जगाला माहीत आहे. सलग तीन वर्षे पाऊस कमी झाला आणि २०१८ च्या सुरुवातीला नगरपालिकेने सांगून टाकले की धरणसाठा साडेतेरा टक्क्यांवर आला की बहुतेक शहराचे नळ बंद होतील. त्या दिवसाला त्यांनी ‘डे झिरो’ म्हटले. तो आला असता तर लोकांना सुमारे २०० केंद्रांवर रांग लावून माणशी २५ लिटर पाणी न्यावे लागणार होते. फेब्रुवारीपासून माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली. नगरपालिकेच्या पिण्याच्या पाण्याने तलाव भरायला आणि त्यात भर घालायला तर आधीच बंदी झाली होती. लोकांनी ती कपात सोसली, वापर कमालीचा खाली आणला, पाऊस आला आणि तो दिवस टळला. नगरपालिकेने घराघराचा वापर दाखवणारा नकाशाही लोकांसाठी खुला केला होता. मर्यादेत राहणाऱ्या घरापुढे हिरवा ठिपका. आपला शेजारीही पाळतो आहे हे दिसले की माणूस स्वतः पाळतो, आणि टंचाईत याहून मोठी ताकद दुसरी नाही.

पण त्याच शहराची दुसरी बाजूही आहे. २०२३ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’ या नियतकालिकात केपटाउनच्या पाणीवापराचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अभ्यासकांच्या मांडणीनुसार शहरातले वरच्या आणि उच्च-मध्यम उत्पन्नाचे लोक लोकसंख्येच्या १४ टक्क्यांहूनही कमी, पण शहराच्या पाण्यातला निम्म्याहून जास्त वाटा त्यांचा. झोपडवस्त्या आणि अल्प उत्पन्नाची घरे मिळून लोकसंख्या ६० टक्क्यांच्या वर, आणि पाणी एक चतुर्थांशाहून थोडे अधिक. श्रीमंत घरांतले बरेचसे पाणी बागा आणि पोहण्याचे तलाव यांसारख्या गरजेपलीकडच्या गोष्टींत जाते. नळावर बंदी आली तेव्हा ज्यांना परवडले त्यांनी आपापल्या आवारात बोअर मारून घेतले. आदेशाचा शब्द पाळला गेला, कारण नगरपालिकेचे पाणी तलावात गेले नाही. जमिनीखालचे गेले.

मला सगळ्यात जास्त बोलायचे आहे ते याच पळवाटेबद्दल. आपल्याकडे एक समजूत घट्ट बसली आहे की नळाचे पाणी सगळ्यांचे आणि बोअरचे पाणी आपले. मी खोदले, मी वीज भरली, म्हणून ते माझे. भूजल कुंपण ओळखत नाही. माझ्या बोअरमधून मी रात्रभर उपसा केला की पाण्याची पातळी माझ्या भिंतीपाशी थांबत नाही, शेजाऱ्याच्या उथळ विहिरीचाही तळ उघडा पडतो. ज्याच्याकडे जास्त खोल जाण्याचा पैसा आहे तो आणखी खोल जातो, आणि उथळ विहिरीवाल्याला टँकरची वाट बघावी लागते. टँकरचे पाणी तरी कुठून येते? तेही कुठल्यातरी विहिरीतून, बोअरमधून, जलाशयातून उपसलेलेच असते. तलावात टँकर रिकामा झाला म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी पाणवठ्यावरचे काही हजार लिटर, त्याला न विचारता, पोहण्यासाठी आले. नळाला बंदी आणि टँकरला मोकळीक, असा नियम म्हणजे सरकारने स्वतःच्या पाण्यापुरती पाहिलेली सोय आहे. त्याला दुष्काळाचा नियम म्हणता येत नाही.

मग सरसकट बंदी घाला, कुठलेच पाणी तलावात पडू देऊ नका, असे कोणी म्हणेल. समितीत मीही आधी तेच म्हटले होते. काकांनी मला पंपघरात नेऊन समजावले. तलावाच्या कडेला पाणी खेचणारे तोंड असते, त्याला स्किमर म्हणतात. पातळी त्याच्या खाली गेली की पंप पाण्याऐवजी हवा ओढतो, कोरडा चालतो आणि जळतो. पंप बंद झाला की पाणी फिरत नाही, क्लोरीन सगळीकडे पोचत नाही, आणि कडक उन्हात आठवड्याभरात पाणी हिरवे होते. मग त्यात डासांच्या अळ्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या कर्न परगण्यात, बेकर्सफील्ड शहराच्या परिसरात, २००७ मध्ये हे घडले. कारण तिथे वेगळे होते. घरांची कर्जे थकली, माणसे घरे सोडून गेली आणि मागे तलाव कुजत राहिले. त्या उन्हाळ्यात डासांमुळे पसरणाऱ्या वेस्ट नाइल तापाचे रुग्ण २७६ टक्क्यांनी वाढले आणि अभ्यासकांनी त्याचा संबंध या बेवारशी तलावांशी जोडला. डास तलावमालकाला चावून थांबत नाही.

पूर्ण रिकामा करून ठेवावा तर त्यातही धोका असतो. जिथे भूजल वर आहे तिथे रिकाम्या तलावाला खालून दाब बसतो. आतल्या पाण्याचे वजनच त्याला जागेवर धरून असते. ते गेले की फायबरचे कवच फुगते, कधी तर संपूर्ण तलाव जमिनीतून वर उचलला जातो. प्लास्टर उन्हात तडकते, अस्तराची शीट आक्रसते. दुरुस्ती झाली की तो पुन्हा पूर्ण भरावा लागतो. म्हणजे टंचाईत वाचवलेले पाणी पुढे एकदम मोजून द्यायचे. भरलेला तलाव ही एकदा गुंतवलेली पाण्याची ठेव आहे. ती टिकवायला लागते ते थोडेच, आणि झाकण असेल तर फारच थोडे.

म्हणून नव्याने भरणे आणि तूट भरून काढणे या दोन गोष्टी कायद्यात वेगळ्या असल्या पाहिजेत. टंचाई जाहीर झाली की नवा तलाव बांधणे, रिकामा तलाव भरणे, पाणी बदलणे हे सगळे पूर्ण बंद, अपवाद न करता. तूट भरायची परवानगी मात्र अटीवर. ऑस्ट्रेलियाने हे करून दाखवले आहे. २००७ मध्ये ब्रिस्बेन आणि आसपासच्या भागातली धरणे तळाला गेली होती. तिथे माणशी रोज १४० लिटरचे लक्ष्य ठेवले गेले आणि लोकांनी ते गाठले. तलावात भर घालायची मुभा त्यालाच मिळाली, ज्याने तलावावर झाकण, छताच्या पावसाची टाकी, पाणी वाचवणारे नळ आणि संडास, कमी पाण्याचे धुलाई यंत्र यांतली बहुतेक साधने बसवली होती. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. तो मालकाला सांगतो की तुझा तलाव राहील, पण आधी तुझ्या घरातले पाणी आवर.

ब्रिटनच्या २०१० च्या कायद्यानुसार पाणी कंपनीने टंचाईची बंदी लागू केली की पाइपने घरगुती तलाव भरता येत नाही, मोडल्यास १,००० पौंडांपर्यंत दंड. बादल्यांनी भरायला हरकत नाही. यातला विचार कळतो, कारण हजारो लिटर कोणी बादल्यांनी वाहून नेणार नाही. उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या तलावांना त्यात सूट आहे आणि ती सगळीकडेच असावी. अर्धांगवायूनंतर पाण्यात चालायला शिकणाऱ्या माणसाचे पाणी आणि माझ्या रविवारच्या पोहण्याचे पाणी एका मापाने मोजता येणार नाही.

कॅलिफोर्नियातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. १ एप्रिल २०१५ रोजी तिथले गव्हर्नर जेरी ब्राउन सिएरा नेवाडा पर्वतातल्या एका माळावर उभे राहिले. त्या दिवसांत तिथे पाचेक फूट बर्फ असायला हवा, आणि त्यांच्या पायाखाली सुके गवत होते. तिथूनच त्यांनी शहरांच्या पाणीवापरात २५ टक्के कपात करण्याचा हुकूम दिला. मग तलावांवर बोट दाखवणे सुरू झाले, आणि तलाव बांधणाऱ्यांनी उलटा प्रश्न केला: तेवढ्याच जागेवर हिरवळ असती तर? प्रश्न धंद्याच्या सोयीचा होता, पण चुकीचा नव्हता. रोज शिंपण लागणारी हिरवळ वर्षभरात झाकलेल्या तलावापेक्षा जास्त पाणी पिते. तलाव श्रीमंतीचे चिन्ह म्हणून डोळ्यांत भरतो आणि शेजारची हिरवळ पर्यावरणाचे काम करते आहे असे वाटते. नियम करणाऱ्याने चिन्हे न बघता लिटर बघावेत.

लास वेगासने ते बघितले. त्या वाळवंटातल्या शहराचे पाणी मीड सरोवरातून येते. २०२२ च्या जुलैत ते सरोवर १९३० च्या दशकात भरल्यानंतरच्या सर्वांत खालच्या पातळीला पोचले. त्याच वर्षी सप्टेंबरपासून परगण्याने नव्या घरगुती तलावांवर मर्यादा आणली: पृष्ठभाग ६०० चौरस फुटांपेक्षा मोठा नको. खोलीवर बोट न ठेवता पृष्ठभागावर ठेवले, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण पाणी उडते ते पृष्ठभागावरून. तलाव रिकामा करायची वेळ आली तर पाणी रस्त्यावर न सोडता सांडपाण्याच्या वाहिनीत सोडायचे, असाही तिथे नियम आहे. तिथून ते शुद्धीकरणाला आणि शुद्ध होऊन पुन्हा सरोवरात जाते. रस्त्यावर सोडलेले उन्हात वाळून जाते. इतका बारीक विचार करणारे आदेश फार थोडे दिसतात.

पोहण्याच्या तलावांना असे कितीसे पाणी लागते, शेतीला जगाच्या गोड्या पाण्यातला सुमारे ७० टक्के वाटा जातो, तिकडे बघा, असेही तलावमालक म्हणतात. आकडा खरा आहे. पण तलावात जाते ते नदीतले कच्चे पाणी नसते. धरणातून उचललेले, गाळलेले, क्लोरीन दिलेले, मैलोन्‌मैल वाहिनीतून आणलेले पिण्याचे पाणी असते. टंचाईत शहराची स्पर्धा याच पाण्यासाठी असते. शेतीच्या पाण्याचा प्रश्न वेगळा आणि फार मोठा आहे, तो लढायलाच हवा. त्याचे नाव पुढे करून माझ्या आवारातली गळती लपवता येणार नाही.

सार्वजनिक तलावाची बाब वेगळी आहे आणि तिथे मी ठामपणे तलावाच्या बाजूने आहे. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात १ फेब्रुवारी २०२४ रोजी बार्सिलोनासह दोनशेहून अधिक नगरपालिकांत पाणी-आणीबाणी जाहीर झाली. जलाशय १६ टक्क्यांच्या खाली गेले होते, माणशी रोज २०० लिटरची मर्यादा आली आणि तलाव भरणे बंद झाले. सरकारपुढे लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. उन्हाळा येतो आहे, उष्णतेच्या लाटेत म्हातारी माणसे आणि पंखासुद्धा न परवडणारी कुटुंबे जातील कुठे? म्हणून लोकांना खुले असलेले तलाव उष्णतेपासूनचा निवारा मानून भरायची वाट ठेवली गेली, आणि आपले तलाव सर्वांना खुले करणाऱ्या हॉटेलांनाही ती मुभा देण्याचे ठरले. एका तलावात दिवसाला शेकडो माणसे गारवा घेणार असतील तर माणशी पाणी काहीच नाही. तेच पाणी शंभर आवारांत शंभर कुटुंबांसाठी विखुरले तर पृष्ठभाग कितीतरी पट वाढतो आणि उडतेही तितकेच. जिथे निवड करावी लागेल तिथे आधी खाजगी तलाव बंद व्हावा, आणि पोहायला शिकवणारा, रांग लावून आत जाता येणारा तलाव सर्वांत शेवटी.

त्याच काळात कॅटलोनियाच्या किनाऱ्यावरच्या लोरेत दे मार या पर्यटनगावातल्या हॉटेलवाल्यांनी आपले तलाव भरता यावेत म्हणून समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र विकत घ्यायचे ठरवले होते. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या धंद्यावर किती जणांच्या नोकऱ्या अवलंबून असतात हे मला कळते. तलावांची देखभाल करणारे, पोहायला शिकवणारे, जीवरक्षक यांची कमाई बंदीच्या पहिल्या दिवशी थांबते आणि त्यांच्याबद्दल आदेशात एक ओळही नसते. तीही असायला हवी. झाकणे बसवणे, गळती शोधणे, फिल्टर बदलणे ही कामे टंचाईतच निघतात, आणि ती करणारी माणसे हीच आहेत.

अंमलबजावणी जमणार नाही, कोण घरोघरी बघत फिरणार, हे कारण आता चालणार नाही. फ्रान्सच्या करखात्याने २०२२ मध्ये हवाई छायाचित्रे संगणकाकडून तपासून घेतली आणि नऊ जिल्ह्यांत कराच्या नोंदीत नसलेले २० हजारांहून अधिक तलाव शोधून काढले. कर चुकवणारा तलाव आभाळातून सापडतो, तर उन्हाळाभर उघडा पडलेला तलावही सापडेल. त्याच फ्रान्समध्ये पिरेने-ओरिएंताल जिल्ह्यात २०२३ च्या मे महिन्यात जमिनीवर ठेवायचे तयार तलाव विकण्यावरच बंदी घालण्यात आली. भरायला बंदी असताना दुकानात विक्री चालू ठेवणे म्हणजे लोकांना नियम मोडायचे आमंत्रण, हे तिथल्या प्रशासनाला कळले.

आमच्या समितीपुढे पाचव्या बैठकीत प्रस्ताव आला, टँकर मागवू. एका सभासदाने अगदी शांतपणे विचारले, ‘आम्ही आमच्या पैशाने टँकर आणला तर कोणाचे काय जाते?’ प्रश्न मनापासून होता, खोडसाळ नव्हता. मी त्यांना तो टँकर कुठे भरतो हे विचारायला सांगितले. त्यांनी फोन केला. पलीकडून जागेचे नाव आले, आणि आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या दोघी त्याच वस्तीत राहतात हे बैठकीतल्या बहुतेकांना माहीत होते. त्यांच्या विहिरीला पाणी राहिले नाही हे त्या आठवडाभर सांगत होत्या. मतदान झाले. टँकर नको, असे ठरले ते दोन मतांनी.

पाइपचा फुटका जोड पंपघराच्या मागे सापडला आणि दुरुस्त झाला. सोमवारचा बॅकवॉश बंद केला. झाकणाला परवडेल असे कापड नव्हते, म्हणून जाड प्लास्टिकच्या पट्ट्या जोडून काकांनीच झाकण तयार केले. तलाव पोहायला बंद ठेवला. पातळी उतरत गेली तसा पंप स्किमरवरून काढून तळाच्या जाळीवर चालवला. उन्हाळा संपेपर्यंत पाणी फरशीच्या दोन ओळींइतके खाली गेले होते, पण स्वच्छ होते. इमारतीच्या ६०० चौरस मीटर गच्चीचे पन्हाळे आम्ही तोपर्यंत एका गाळणीतून तलावाकडे वळवून ठेवले होते. पहिल्या सरीचे मळके पाणी बाहेर सोडले. त्यानंतर एका रात्रीत ४० मिलिमीटर पाऊस झाला. गच्चीवरून २४,००० लिटरच्या आसपास आले, आणि सकाळी काका पट्टी घेऊन पायरीवर बसले होते तेव्हा फरशीची दुसरी ओळ पाण्याखाली होती.